न बुजवलेला खड्डा

खड्डा खणायचा, त्यात उतरायचं, पाहायचं ते पाहून घ्यायचं आणि वर आल्यावर तो बुजवायचा. आमच्या धंद्यातला हा पहिला नियम. नव्याने कामाला लागलेल्या पोरांना मी तो आल्या दिवशीच ऐकवतो, जरा आवाज चढवून. खड्डा उघडा राहिला तर उंटाचा पाय मोडतो, गाडीचं चाक अडकतं, आणि कालांतराने तो खड्डा जमिनीविषयी खोटी साक्ष द्यायला लागतो. हा शेवटचा मुद्दा पोरांच्या डोक्यावरून जातो. मला तो पाठ आहे, कारण खोटी साक्ष देणारा तो खड्डा माझाच होता.

मी कतारमध्ये माती पाहतो. पोटापाण्याचा उद्योग हाच. नाशिकला कुणाच्या लग्नात हे सांगितलं की समोरचा माणूस जिलबी हातात धरून थांबतो. "माती? तिकडे तर सगळी वाळू ना?" सासऱ्यांनी माझी ओळख कायमची ठरवून टाकली होती. "आमचे जावई वाळूचे कण मोजतात. मोजून झाले की येतील परत."

खरं तर कतारचा बराच मोठा भाग वाळूचा नाहीच. खाली चुनखडीचा खडक, वर दगडगोट्यांचं पांघरूण. मधली बारीक धूळ वाऱ्याने केव्हाच उचलून नेली, जड होते ते दगड तेवढे मागे राहिले. वाळूच्या टेकड्या आहेत त्या दक्षिणेला, आणि त्या चालतात. उत्तरेकडून येणारा शमाल वारा त्यांना मागून ढकलत समुद्राकडे नेतो. किनाऱ्यालगत सब्खा, म्हणजे खारी ओल वर चढून सुकलेली सपाट जमीन. दिसायला पापडासारखी, आणि गाडी घातली की मोडतेही पापडासारखी. आणि मग रौदा. आजूबाजूपेक्षा थोडी खोलगट जागा. पाऊस पडतो तेवढा वाहत येऊन तिथे साचतो आणि येताना बारीक माती घेऊन येतो. वाळवंटात कुठे हिरवं दिसलं तर ओळखायचं, इथे रौदा आहे. तिथे सिद्रची झाडं असतात. सिद्र म्हणजे आपल्या बोरीची चुलत बहीण, काट्यांसकट.

ही जमीन आज अशी का आहे आणि पूर्वी कशी होती, हे सांगणं आमचं काम. कमरेएवढा खड्डा घ्यायचा, त्याची एक भिंत सुरीने तासून गुळगुळीत करायची आणि वरून खाली वाचत जायचं. माती ओली करून बोटांत वळायची. लांब वळी झाली तर चिकणमाती, मोडली तर पोयटा. चिमूटभर दाताखाली धरून पाहायची. (माझी बायको सुनंदा म्हणते, दिवस असताना मीसुद्धा एवढी माती खाल्ली नाही.) शेवटी सौम्य ॲसिडचा एक थेंब. जमिनीत चुना असेल तर ती फसफसते. कतारमध्ये झाडून सगळी जमीन फसफसते, त्यामुळे आम्ही थेंब टाकतो तो सवयीने. दारावर टकटक करून उत्तराची वाट न पाहता आत शिरावं, तसा.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार. एका गृहस्थाने दक्षिणेला वाळूच्या टेकडीच्या पायथ्याशी हिवाळ्यातल्या पाहुण्यांसाठी तंबूंचा कॅम्प उभारला होता, झुंबरं लावून. टेकडी त्याच्या स्वयंपाकघरात शिरायला लागली तेव्हा त्याने आम्हाला बोलावलं. "मला लेखी पाहिजे की सीझन संपेपर्यंत टेकडी हलणार नाही." मी त्याला समजावलं. टेकडीची चाल समजावली, चित्र काढून दाखवलं. "चित्र नको. लेखी. शिक्क्यासह." शेवटी कंटाळून मी लिहून दिलं: "वारा न आल्यास वाळू हलणार नाही." शिक्का मारला. त्याने तो कागद फ्रेम करून स्वागतकक्षात लावला. पुढच्या महिन्यात फ्रेमसकट तो कक्ष वाळूखाली गेला. माझ्या कागदावर मात्र त्याची काही तक्रार आली नाही, कारण वारा आला होता.

असा मी. लोकांची गंमत करणारा, स्वतःविषयी फारसं न बोलणारा. आता बोलतो.

आम्ही तेव्हा अल खोरला राहत होतो, अजूनही तिथेच राहतो. मुलगी ईशा लहान होती. गावापासून थोड्या अंतरावरच्या एका रौद्यात मी कंपनीच्या कामासाठी खड्डा घेतला. सगळ्यात सखल जागी, सिद्रच्या झाडाशेजारी. पाहणी झाली, नमुने भरले, बुजवायला फावडं हातात घेतलं आणि फोन वाजला. दुसऱ्या तुकडीची गाडी सब्ख्यात रुतली होती. फावडं गाडीत टाकून निघालो. उद्या बुजवू म्हटलं. उद्याचा आठवडा झाला.

मधेच गणपती आले. इथे घरात काय करायचं ते करा, बाहेर गाजावाजा नको, हे कुणी न सांगता प्रत्येकजण पाळतो. आमची शाडूची मूर्ती नाशिकहून हँडबॅगेतून आलेली, वीतभरापेक्षा थोडी मोठी. विसर्जन बादलीत. दोनेक दिवसांत मूर्तीचा राखाडी-पांढरा गाळ होतो, त्यात दूर्वा, एखादी पाकळी. आणि मग दरवर्षीचा प्रश्न: हा ओतायचा कुठे? कुंड्यांत घातला तर कुंड्या सिमेंटसारख्या होतात. बाथरूममध्ये ओतायला मन होत नाही.

"एवढे तुम्ही मातीतले तज्ज्ञ," सुनंदा म्हणाली, "मग या मातीचं काय करायचं ते सांगा की."

मला खड्डा आठवला. एरवी मी स्वतःवर खूश होत नाही, पण त्या दिवशी झालो. झाडाची सावली, पाण्याची जागा, पायाखाली येणार नाही असं ठिकाण, आणि माझा खड्डाही आपोआप भरत जाणार. शुक्रवारी सकाळी कंपनीचा ड्रायव्हर खानभाई याला गाडी काढायला सांगितली. खानभाई पेशावरकडचा, कमी बोलणारा आणि बोलला की टोला हाणणारा. मी बादली ओतून हात जोडले. तो गाडीला टेकून बघत होता.

"साब, आप लोग मिट्टी हवाई जहाज़ से मँगाते हो, फिर जंगल में ला के डाल देते हो. और तनख़्वाह भी मिट्टी देखने की लेते हो. काम अच्छा है."

सुनंदाने हे हळदीकुंकवाला सांगितलं. म्हणजे, "आमचे हे अगदी झाडाखाली शांत जागी नेऊन ठेवतात," एवढंच सांगितलं. पुढच्या वर्षी बिल्डिंगमधल्या चार घरांनी आपापल्या बादल्या आमच्या दाराशी आणून ठेवल्या. मी एशियन टाउनच्या बाजारातून झाकणाच्या मोठ्या बादल्या आणल्या, कारण वाटेत हिंदकळतं. पोरं मला विसर्जनकाका म्हणायला लागली. दरवर्षी पाच घरांचा गाळ खड्ड्यात जायचा, सुकून त्याचा थर बसायचा. वर्षभर शमाल त्यावर धूळ अंथरायचा. मग पुन्हा गणपती. काही वर्षांनी खड्डा जमिनीच्या पातळीला आला. पहिला पाऊस होऊन गेल्यावर तर मलाच जागा शोधावी लागली. नियम मोडला होता तो बाप्पाने पुरा करून घेतला, असं मी मनाशी म्हणालो. मग दोन वर्षांपूर्वी तिथली झाडं वाचवण्यासाठी रौद्याला कुंपण पडलं आणि ते पर्व संपलं.

म्हणजे मला तसं वाटलं.

कुंपण पडल्यावर त्या रौद्याच्या मातीची सविस्तर पाहणी करायचं काम निघालं आणि ते आमच्याच कंपनीकडे आलं. ते दिलं गेलं डॉ. इद्रिसला. इद्रिस सुदानचा. नाईलच्या काठच्या गावचा, ताडमाड उंच, आवाज मात्र देवळातल्यासारखा हळू. आमची मैत्री काळ्या मातीवरून झाली. त्याच्या गावची जमीन आपल्यासारखीच, उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात चप्पल सोडत नाही अशी. कतारच्या मातीला तो "बिस्किटाचा चुरा" म्हणायचा. दुपारी डबे उघडून आम्ही दोघं चिखलाच्या आठवणी काढायचो. असे दोन प्रौढ पुरुष दुसरीकडे बघायला मिळणार नाहीत.

मग त्याच्या देशात लढाई पेटली. गाव रिकामं झालं. म्हातारी आई कशीबशी दोह्याला आली. आता बायको, मुलं, आई, सगळ्यांचं इथलं राहणं त्याच्या नोकरीवर, आणि नोकरी या कामावर. काम संपलं आणि पुढचं मिळालं नाही तर करार खलास. मागे परतायला घर नाही. हे तो कधी बोलून दाखवत नसे. मला माहीत होतं.

त्या दिवशी रौद्यात मी त्याच्यासोबत होतो. तो सरळ सिद्रच्या झाडाकडे चालू लागला.

"तिकडे नको," मी म्हणालो. "मुळं असतील."

"सगळ्यात सखल जागा तीच आहे, देवरे."

"पलीकडे जास्त सखल आहे."

त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुला काय झालंय? पलीकडे चढ आहे."

मातीचा माणूस सखल जागा शोधतो. मीही तीच शोधली होती. इद्रिसने पोकळ पोलादी नळी हातोड्याने जमिनीत ठोकली, पिळून वर काढली आणि आडवी ठेवली. नळीत माती वरपासून खालपर्यंत जशीच्या तशी. राखाडी-पांढरा थर, मग पिवळी धूळ, पुन्हा राखाडी, पुन्हा धूळ. केकसारखी. त्याने गुडघे टेकले. राखाडी माती बोटांत वळली. वळी लांबत गेली, मोडेना. मग ॲसिडचा थेंब.

काही झालं नाही.

दुसरा थेंब. फसफस नाही, बुडबुडा नाही. कतारच्या जमिनीत मी अशी शांतता कधी ऐकली नव्हती. इद्रिसनेही नाही.

"ही इथली नाही," तो पुटपुटला. "ही कुठून तरी वाहत आली आहे. दुरून. देवरे, इथे नदी होती!" मग त्याला थरात काळे पडलेले बारीक धागे दिसले. "आणि हे बघ. काठचं गवत!"

त्या दूर्वा होत्या. बहुधा जोशींच्या, त्या जुड्या जरा जास्तच वाहतात.

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही. पण काय सांगणार? न बुजवलेला खड्डा, कंपनीची गाडी, कंपनीचा ड्रायव्हर, आणि बादल्या! त्यात इद्रिसच्या चेहऱ्यावर जे होतं ते गाव सुटल्यापासून पहिल्यांदा दिसत होतं. मी म्हणालो, "इंटरेस्टिंग." नियम मोडण्यापेक्षा हे पाप मोठं.

पुढचा महिनाभर इद्रिसची नदी वाढत गेली. अरबस्तानातून फार पूर्वी नद्या इकडे गोटे घेऊन आल्या हे खरंच आहे, दक्षिणेला ते गोटे सापडतात. त्याने आपली नदी त्यांना जोडली. वरची जमीन वाऱ्याने झिजून गेली म्हणून इतका जुना थर इतक्या वर आला, असंही बसवलं. दोह्यातल्या मुशैरिबच्या ऑफिसात भिंतीवर नकाशा लागला, त्यावर निळी रेघ. तिच्या शेवटी सिद्रचं झाड. मी रोज त्या रेघेखाली बसून चहा प्यायचो. एकदा तर त्याने विचारलं, "वळण इथे घेऊ की इथे?" आणि मी बोट दाखवलं. होय, मी वळणसुद्धा दिलं.

आमचा आयरिश मॅनेजर खूश झाला. काम देणारी मंडळी स्वतः पाहायला येणार असं ठरलं. त्यांच्यासमोर मशीनने चर खणायचा, नदीचे थर दाखवायचे. त्यांना पटलं की इद्रिसला पुढची दोन वर्षं काम. चर खणला की माझ्या खड्ड्याच्या चारही भिंती पेटीसारख्या सरळ दिसणार होत्या. नदी काटकोनात वळत नाही, हे पाहुण्यांनाही कळलं असतं. हसं होणार होतं ते इद्रिसचं.

तरी मी गप्प. मशीन बिघडेल, पाहुणे यायचे नाहीत, असले विचार करत होतो.

मग इद्रिसची आई स्वतः केलेली खजुराची बिस्किटं घेऊन सुनंदाकडे आली. दोघींना एकमेकींची भाषा येत नाही, तरी दोन तास बसल्या. म्हातारी हाताने नदीची लाट करून दाखवत होती आणि डोळे पुसत होती. त्या रात्री जेवताना सुनंदा म्हणाली, "इद्रिसभाईंना नदी सापडली म्हणे. कुठे?"

"रौद्यात."

"कुठल्या?"

मी भात कालवत राहिलो. "आपल्याच."

तिने डाव खाली ठेवला. "झाडाजवळ?"

"झाडाखाली."

"म्हणजे त्यांना आपले गणपती सापडलेत?"

ईशा सुट्टीला आली होती. ती हसता हसता टेबलावर आडवी झाली. "Baba, you made a fake river?"

"मी नाही केली," मी म्हणालो. "झाली."

"उद्या शुक्रवार," सुनंदा म्हणाली. "उद्या जायचं आणि सांगायचं. नाहीतर मी सांगते. ती बाई माझ्या घरी बसून रडलीय हो."

शुक्रवारी सकाळी इद्रिस, सुनंदा आणि मी रौद्यात गेलो. इद्रिसला वाटलं, सुनंदा नदी बघायला आली आहे. त्याने तिच्यासाठी घडीची खुर्ची आणली होती. सुनंदाने पिशवीतून कपाटात उरलेला शाडूचा एक गोळा काढून माझ्या हातात दिला आणि दुसरीकडे बघत उभी राहिली. मी तो इद्रिससमोर धरला.

"थेंब टाक," मी म्हणालो.

त्याने टाकला. शांतता. त्याने गोळा फिरवून पाहिला, कोपरा मोडला, बोटांत वळला. "हे कुठलं?"

मी सांगितलं. सगळं, खड्ड्यापासून. मूर्ती, बादल्या, पाच घरं, दूर्वा. कधी नव्हे ते मी एका दमात एवढं बोललो. त्याने गोळा मला परत दिला. मग गाडीतून दोन फावडी आणली, एक माझ्यापुढे टाकलं.

आम्ही खणलं. उन्हाने डोकं भणभणत होतं. इद्रिसने सुरीने भिंत तासली आणि माझा जुना खड्डा समोर आला. सरळ कडा, काटकोन, आत एकावर एक थर.

"महिनाभर," तो म्हणाला. आवाज नेहमीसारखाच हळू. म्हणून जास्त लागला. "महिनाभर तू माझ्याबरोबर चहा प्यायलास. वळण दिलंस."

"हो."

"माझ्या आईला सांगितलंय मी."

मी फावडं खाली ठेवलं.

तो खड्ड्यात तसाच बसून राहिला, भिंतीकडे बघत. आमच्या धंद्यातला माणूस कितीही दुखावला तरी समोरची भिंत वाचल्याशिवाय राहत नाही. थोड्या वेळाने त्याचं बोट राखाडी थरावरून धुळीच्या थरावर सरकलं. तिथे थांबलं.

"हे तुम्ही दरवर्षी करता?"

"दरवर्षी."

"त्याच दिवसांत?"

"चंद्रावर असतं. थोडं मागेपुढे होतं."

"आमचंही चंद्रावर." तो उभा राहिला. "मग मधली ही धूळ म्हणजे बरोबर एका वर्षाची. हा थर ते हा थर, एक वर्ष. देवरे, वाळवंटात दरवर्षी किती धूळ बसते ते लोक कशाकशाने मोजायला बघतात, आणि धुळीला तारखा नसतात. इथे आहेत! कुठल्या वर्षी शमाल जोरात होता, कधीपासून बांधकामाची धूळ वाढली, सगळं या भिंतीत आहे. फक्त प्रत्येक थराचं वर्ष पक्कं पाहिजे. एक जरी चुकलं तर खालचं सगळं चुकलं."

रागावलेला होताच. पण हात कामाला लागले होते. तो खिळ्याने टॅग लावायला लागला आणि सुनंदा खुर्चीवरून उठून खड्ड्याच्या काठाशी आली.

"हा वरचा शेवटचा, कुंपणाच्या आधीचा. त्याखाली लालसर आहे ना? त्या वर्षी जोशींनी मूर्तीला गेरू लावला होता. हा जाड, कुलकर्णीकाकूंनी मोठी मूर्ती आणली होती तेव्हाचा." मला इंग्रजी करून सांगावं लागत होतं. इद्रिस एकेका थराला वर्ष लावत खाली गेला. तळाला पोचला तेव्हा सुनंदाने बोटांवर मोजलं, मग पुन्हा मोजलं.

"एक कमी पडतोय."

इद्रिसने वरून खाली पाहिलं. कमीच होता. खालच्या भागात एका ठिकाणी धूळ दुप्पट जाड होती, मधे राखाडी रेघ नव्हती. पण रेघ पुसट असू शकते, हलू शकते. नक्की कुठलं वर्ष गळलं हे भिंत एकटी सांगेना.

"कोविडचं वर्ष!" सुनंदा म्हणाली. "तेव्हा कुठे नाशिकहून मूर्ती आल्या?"

इद्रिसने टॅगवर पेन टेकवलं. "कोविडचं, देवरे?"

नुसती मान हलवायची होती. कोविड सगळ्यांसाठीच होता, त्याच्यावर काहीही ढकलावं. पण मला पक्कं आठवत होतं. त्या वर्षी जोशींकडे उरलेल्या शाडूच्या पिठाच्या पोरांनी लिंबाएवढ्या मूर्ती केल्या होत्या आणि मी त्या इथेच आणल्या होत्या. वरच्या भागातला तो केसाएवढा थर त्यांचाच. मान हलवली असती तर तिथून गळलेल्या वर्षापर्यंतच्या प्रत्येक धुळीला चुकीचं वर्ष लागलं असतं, आणि इद्रिस दुसऱ्यांदा माझ्या खोट्यावर उभा राहून पाहुण्यांपुढे बोलला असता.

"नाही," मी म्हणालो. आणि खरं वर्ष सांगितलं.

"त्या वर्षी का नाही?" सुनंदाने विचारलं. "त्या वर्षी तर तुम्ही पाचही बादल्या नेल्या होत्या. रिकाम्या करून आणल्या."

"नेल्या होत्या. त्या दिवशी भारत-पाकिस्तान मॅच होती. इथे येऊन जायचं म्हणजे पहिली इनिंग गेली असती. खानभाईलाही घाई होती. तो म्हणाला, साब, आज लॅब बंद है, चाबी आपके पास है."

"लॅबमध्ये?"

"बेसिनमध्ये."

सुनंदा काठावर मटकन बसली. इद्रिसने पेन खाली केलं. त्याचे डोळे बारीक झाले.

"मी कामाला लागलो ते वर्ष," तो म्हणाला. "रविवारी लॅब उघडली तर बेसिन तुंबलेलं. मॅनेजर म्हणाला, हा नवा सुदानी चिकणमाती बेसिनमध्ये धुतो. सगळ्यांसमोर. मी सांगत होतो, माझ्या कुठल्याच नमुन्यात झेंडूची पाकळी नाही! कुणी ऐकलं नाही. मी माफी मागितली होती, देवरे. लेखी."

"मला माहीत आहे. मी तिथेच उभा होतो."

मग इद्रिसच्या खांद्यांना काहीतरी व्हायला लागलं. आधी वाटलं रडतोय. तो हसत होता, खड्ड्याच्या भिंतीला हात टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "मॅच कोण जिंकलं?"

"आम्ही हरलो."

"अल्हमदुलिल्ला," तो म्हणाला आणि टॅगवर वर्ष लिहिलं.

पाहुणे आले त्या दिवशी इद्रिसने स्वतः सांगितलं की इथे नदी नव्हती, आणि मग धुळीचा हिशेब मांडला. खड्डा माझा, बादल्या माझ्या, हे मी सांगितलं. मॅनेजरने दोघांकडे पाहून "इंटरेस्टिंग" म्हटलं. मला लेखी समज मिळाली. इद्रिसला दोन वर्षं नाही, एक वर्ष मिळालं, पुढचं पुढे, इन्शाल्ला. भिंतीवरची निळी रेघ त्याने स्वतः उतरवली. ते करताना मी खोलीत असू नये असं त्याला वाटत होतं, म्हणून मी बाहेर गेलो. डबा आता पुन्हा एकत्र खातो. चिखलाचा विषय तो काढेपर्यंत मी काढत नाही. आणि त्याच्या आईला नदीबद्दल काय सांगितलं, हे विचारायची मला हिंमत झालेली नाही.

बेसिनचं शेजाऱ्यांना सांगणं राहिलं होतं. सुनंदाने मला त्याच संध्याकाळी दारोदार नेलं. जोशी पोट धरून हसले. एका वहिनींनी आठ दिवस अबोला धरला. एक घर म्हणालं, आम्हाला वाटलंच होतं, तुम्ही त्या दिवशी फार लवकर परत आलात.

राहिल्या कुलकर्णीकाकू. काका रिटायर झाल्यावर त्या पुण्याला गेल्या. बेसिनच्या त्या वर्षी काकूंनी पहिल्यांदाच स्वतःच्या हाताने मूर्ती घडवली होती, डोळेही स्वतःच काढले होते. बादली देताना दोन्ही हातांनी दिली आणि म्हणाल्या, "देवरे, खड्ड्यांवरून हळू न्या हो." फोन हातात घेऊन मी अनेकदा ठेवून दिला. हा दिवाळी अंक त्या दरवर्षी पानन् पान वाचतात, कोडं सोडवून पाठवतात, म्हणून मी लिहायला होकार दिला. एरवी दिला नसता.

तर काकू, तुमचा त्या वर्षीचा गणपती झाडाखाली गेला नाही. अल खोरच्याच इंडस्ट्रियल एरियातल्या आमच्या लॅबच्या बेसिनमधून गेला. आणि सहजासहजी गेला नाही, प्लंबरला दोन दिवस लागले. शिव्या द्यायच्या असतील तर शुक्रवारी दुपारी फोन करा. मी घरी असतो, आणि सुनंदा म्हणते, स्पीकरवर टाका.